पळतं शिखर

अढळशीर डोंगराची वाट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. कितीदा तरी चढलोय मी तो. म्हणजे पायथ्याच्या ओढ्यापर्यंत. पुढे माझे गुडघे घराकडे वळतात, मग त्यांना एकटं कसं सोडायचं? हसू नका. तुमच्यातले निम्मे ओढ्याच्या अलीकडेच डबा सोडून बसतील.

तर एका राज्यात, जिथे डोंगर उंच आणि माणसं त्याहून ताठ, तिथे रीत अशी की अढळशिरावर जो सर्वांआधी पोहोचेल त्यालाच गादी. जीमूत राजा असाच राजा झाला. म्हातारपणी त्याला हुक्की आली की आपला दम शाबूत आहे हे दाखवावं. निघाला. माथ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या अरुंद सोंडेवर एक बैरागी धापा टाकत बसला होता. राजानं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि पुढे गेला. बैरागी मांत्रिक होता. राजानं माथ्यावर पाय टेकला आणि पाय दगड झाले.

धनेश पक्षी राजवाड्याच्या सज्जात येऊन बसला आणि म्हणाला, "राजा कमरेपर्यंत दगड झाला आहे. त्याच्या रक्ताच्या माणसाचा हात लागला तर सुटेल. दगड छातीत शिरला तर संपलं."

राजाला मुलं दोन, भद्रसेन थोरला आणि सुनेत्रा धाकटी. दोघांच्या टाचा डोंगरांनी घासलेल्या. बापासाठी निघाली हे खरं, पण गादीही दोघांच्या डोळ्यांत होती. उगाच खोटं कशाला बोलू?

पहिला कडा आरशासारखा गुळगुळीत. भद्रसेन बोटांच्या पेरांवर चढला आणि वरून दोर सोडला. दुसरी वाऱ्याची खिंड. वारा म्हणाला, "जे जड असेल ते ठेवा." त्यानं तलवार ठेवली, तिनं कंबरपट्टा. मग तिसरी ती सोंड, एका माणसापुरती रुंद, दोन्ही बाजूंना नुसतं धुकं.

भद्रसेन पुढे झाला. तो जितका चालला तितकं शिखर मागे सरकलं. सुनेत्रा म्हणाली, "दादा, हो बाजूला, तुझा पायगुण बरा नाही." ती पुढे झाली. शिखर तिच्यापुढूनही सरकलं. दिवसभर हेच. संध्याकाळी वरून बापाचा खोकला ऐकू आला. खोकल्यात खडे वाजत होते.

दोघं खाली बसली. सोंडेवरचा वारा पडला होता, आणि इतकी वर्षं शेजारी राहून प्रथमच दोघांनी एकमेकांचा श्वास ऐकला.

धनेश उतरला. "जो दुसऱ्याच्या पुढे, त्याच्यापुढून शिखर पळणार. मांत्रिकाचा शाप आहे."

"मग बरोबरीनं जाऊ," भद्रसेन म्हणाला.

"सोंडेवर जागा एकाची," धनेश म्हणाला.

सुनेत्रानं खालच्या धुक्यात एकदा डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "दादा, वाक खाली. मी खांद्यावर बसते."

"युवराजानं वाहायचं?"

"तू हलका असतास तर मीच वाहिलं असतं."

भद्रसेन वाकला. ती बसली. तो उठला आणि चालू लागला. आता पाय त्याचे पुढे आणि हात तिचे पुढे. पहिलं कोण, हे शिखराला ठरवता येईना. ते विचारात पडलं आणि विचारात पडलेलं जागेवरच राहिलं. आपल्याकडचे पंचही असेच थबकतात, पण ते उठतच नाहीत.

माथ्यावर पोहोचले तेव्हा दगड राजाच्या बरगड्यांवर चढला होता. सुनेत्रानं वरूनच हात लांबवून बापाच्या कपाळावर ठेवला. दगडाचे पापुद्रे सुटले, राजा मटकन खाली बसला. शिखर आपल्या ठिकाणी येऊन टेकलं. खाली सोंडेवर इतका वेळ धुक्याआड बसलेल्या बैराग्यानं झोळी उचलली आणि सावकाश उतरू लागला.

पुढे त्या राज्यात गादी रुंद करून घेतली. दोघं बसतात, भांडतात, पण न्याय चोख होतो. हे मात्र नंतरचं. त्या घडीला राजानं डोळ्यांतली माती पुसली, दोघांकडे पाहिलं आणि बापाला न शोभणारा, पण राजाला शोभणारा प्रश्न विचारला,

"पहिलं कोण आलं?"

सुनेत्रा भावाच्या खांद्यावरूनच म्हणाली, "पहिले तर तुम्हीच आला होतात, आबासाहेब."