धाकटा कंस

शिशाचे खिळे जुळवणारे छापखाने बंद पडले आणि लोक गणिताची सूत्रं संगणकावर खुणांनी लिहू लागले, त्या काळची ही गोष्ट. कारखानीसबाई संगणकावर लिहीत असलेल्या गणिताच्या पुस्तकातल्या एका सूत्रात दोन महिरपी कंस राहत होते. ते सख्खे भाऊ. थोरला घातांकाच्या आधी उभा असे, धाकटा नंतर. दोघांच्या मधे असेल तेवढंच बारीक करून वर छापायचं, हे संगणकाला त्यांच्यामुळे कळे. छापील पानावर मात्र ते स्वतः कधीच उमटत नसत.

"दादा, आपण कुणालाच दिसणार नाही का?" धाकटा विचारी.

"मधलं नीट दिसतंय ना? झालं तर."

धाकट्याचं समाधान होईना. त्याने तिरक्या रेघेला गाठलं. ती कंसाच्या आधी उभी राहिली, की तो कंस पानावर उमटे.

"उमटशील, पण मग तू थोरल्याची जोडी राहणार नाहीस," रेघ म्हणाली.

"चालेल," धाकटा म्हणाला.

तो पानावर उमटला. पण घातांक बंद करायला कुणी उरलं नाही. सूत्रातली पुढची सगळी अक्षरं बारीक होऊन वर चढली.

"दादा, यांना थांबव रे!" तो ओरडला. थोरल्याच्या हातात काहीच नव्हतं.

"हा कंस इथे कुठून आला?" म्हणत बाईंनी त्याला रेघेसकट पुसलं आणि त्या जागी नवा कंस टाकला. सूत्र पुन्हा नीट झालं.

"माझ्या आधी इथे कोण होतं?" नव्या कंसाने विचारलं.

"माझा भाऊ," थोरला म्हणाला. "एकदाच दिसला. फार देखणा दिसला."