सातव्या चुलीवरचं पाणी

त्या शेवटच्या पातेल्यात डोकावून काही उपयोग नाही. त्यात पाणीच आहे. दर माघी पुनवेला पाव्हणे वर येतात, एकेक झाकण उघडून बघतात आणि सातव्या चुलीपाशी आले की विचारतात, "काकू, नुसतं पाणी का उकळताय?" मी पाचव्या चुलीवरची. तीस वर्षं इथे देवीसाठी वरीचा भात रांधते आहे, आणि तीस वर्षं हीच गोष्ट सांगते आहे. सांगून सांगून तोंडाला फेस आला. पण चढून आलाच आहात तर बसा. तो मोबाइल तेवढा खाली ठेवा.

हा साळजाईचा सडा, म्हणजे डोंगरावरचं हे कातळाचं पठार. देवीला सात पदार्थांचा नैवेद्य, त्यासाठी सात घरांच्या सात चुली. पदार्थ सगळे जुने, गरिबाघरचे. आता तुम्ही हॉटेलात पैसे मोजून खाता, तेच. सातवी चूल ठकूबाईच्या घराची होती, असं सांगतात. तिच्या हातचं हुलग्याचं कढण वाटीभर पोटात गेलं की अंथरुणाला खिळलेला माणूस उठून बसायचा, म्हणे. कढण तर घरोघरी व्हायचं, हुलग्यांना काय तोटा! पण ठकूबाई शेवटी लोकांकडे पाठ करी, पदर आडवा धरी आणि मूठभर काहीतरी पातेल्यात टाकी. ती मूठ कशाची, हे कुणालाच कळलं नाही.

तिची सून सारजा. पुढे चूल तिलाच सांभाळायची, म्हणून तिनं विचारलं. एकदा नाही, अकरा वर्षं विचारलं. सासूचं उत्तर ठरलेलं.

"अंदाजानं घालायचं, पोरी. हाताला ठावं असतंय."

"आत्याबाई, तुमच्या हाताला ठावं हाय. माझ्या हाताला कोण सांगायचं?"

"सांगीन की! मी काय लगीच मराय लागलीया?"

आता ठकूबाईचंही समजून घेता येतं. नवरा लवकर गेलेला, घरात शब्दाला किंमत नाही. वर्षातून एक दिवस सगळं गाव तिच्या पातेल्यापाशी उभं राहायचं, तेवढाच तिचा मान. तो मूठ उघडून कसा देणार? समजतं सगळं, तरी तिचा राग येतो. मला तर दरवर्षी येतो.

बाराव्या वर्षी पुनव आठ दिवसांवर आली आणि ठकूबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. तेव्हा तिला सांगायचं होतं. डावी मूठ ती सारखी मिटायची आणि उघडायची. सारजानं ओळखलं. घरात होतं नव्हतं ते तिनं आणलं. धने, तीळ, जवस, कारळे, सुकं खोबरं, आमसूल, भाजलेलं पीठ. एकेक चिमूट सासूच्या तळहातावर ठेवायची, सासू नाकाशी धरायची आणि मान हलवायची. हे नव्हे. हेही नव्हे. मग सारजा रानात पळाली, पाला आणला, मुळं आणली. तेही नव्हे. शेवटी ठकूबाईनं तीच मूठ स्वतःच्या कपाळावर मारून घेतली आणि ढसाढसा रडली. चौथ्या दिवशी ती गेली.

इथली रीत अशी की गुरव देवीला फुलं लावून कौल मागतो. उजवीकडचं फूल पडलं तर नैवेद्य मान्य, डावीकडचं पडलं तर नाही. आणि देवीनं मानल्याशिवाय पंगत बसत नाही. ते वर्ष सुतकात गेलं. पुढच्या पुनवेला सारजानं कढण केलं, कौल डावा. दुसऱ्या वर्षी डावा. तिसऱ्याही वर्षी डावा. तीन वर्षं सगळं गाव उपाशी पोटी सडा उतरलं. बायका तोंडावर बोलू लागल्या, "हिच्यानं हुईना तर चूल दुसऱ्या घराला द्या." सारजानं मीठ सोडलं. उजवा कौल मिळेपर्यंत अळणी खाईन, असा नेम धरला. काही फरक पडला नाही.

चौथ्या वर्षी तिनं पातेलं घासलं, पाण्यानं भरलं, चुलीवर ठेवलं आणि देवीपुढं उभी राहिली. "मला येत न्हाई," ती म्हणाली. "येत न्हाई ते येतंय म्हणून किती वर्सं वाढू तुला?"

उजवीकडचं फूल तत्काळ पडलं, असं सांगतात.

लोकांनी हात जोडले. देवी खरेपणाला भुलली, असं गुरव आजही सांगतो. पण सारजाला आनंद झाला नाही, ती उलट भडकली. "येवढंच पायजे हुतं तर पहिल्या वर्सी का न्हाई सांगितलंस?" असं ती देवीच्या तोंडावर बोलली, म्हणे. या गोष्टीत मला पटणारं माणूस काय ते तीच.

मग तिनं सगळ्यांसमोर नेम घालून दिला. या सड्यावर कुणी पाठ करून रांधायचं नाही. जे टाकाल ते काय, किती आणि कसं केलेलं, हे मोठ्यानं सांगायचं. बाकीच्या चुलींवरून "ऐकलं" असं उत्तर आलं की मगच टाकायचं.

आजही तसंच चालतं. मघाशी आमचा आरडाओरडा ऐकून तुम्ही हसलात ना, तो हाच.

आता जरा सहाव्या चुलीवरचं झाकण उघडा. यंदा तिथंही पाणीच आहे. ती चूल माझ्या जावेची, अक्काची. कण्यांची आंबील करायची ती. दिवाळीनंतर अक्का गेली. परवा आम्ही सगळ्या मिळून आंबील करायला बसलो. कण्या किती दिवस भिजवायच्या? एक म्हणाली दोन, दुसरी म्हणाली पाच. ताक आधी की मागून, यावर भांडण झालं. दोनदा केली, दोनदा फुटली. मग सगळ्या माझ्यावर घसरल्या, की तू तर तिच्या शेजारच्या चुलीवर होतीस.

होते ना. हाताच्या अंतरावर होते. अक्कानं काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. दरवर्षी घसा फोडून तिनं एकेक जिन्नस सांगितला, आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी मीच "ऐकलं" म्हणत होते.