लाल काठ

खूप खूप वर्षांमागची ही गोष्ट. किती वर्षं म्हणाल, तर त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, इतकी. राजाला लोक विसरले, पण त्याच्या राज्यातल्या एका लहानशा गावातल्या बायकांना विसरले नाहीत. थोडं त्यांच्या चांगुलपणामुळे, आणि थोडं त्यांच्या हातून झालेल्या चुकीमुळे.

त्या गावात वडाच्या पारावर शाळा भरायची. गुरुजी भला माणूस, कुणाला नाही म्हणत नसत. तरी गावातली निम्मी मुलं शाळेकडे फिरकत नव्हती. कुणाच्या अंगावर धड कापड नव्हतं, कुणाला दुपारची भाकरी नव्हती, कुणाकडे पाटी नव्हती.

हे बघून बायकांनी एक मंडळ काढलं. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना प्रत्येकीनं एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. दुपारची भांडी घासून झाली, की देवळाच्या ओवरीत जमून सूत कातायचं आणि त्याचं कापड विणायचं. दर दसऱ्याला, पाटीपूजनाच्या दिवशी, गरीब घरच्या प्रत्येक मुलाला मंडळाकडून वर्षभराचं धान्य, कपड्यांचे दोन जोड आणि एक पाटी मिळायची. शिवाय जे मूल सगळ्यांत हुशार निघेल, त्याला मंडळ राजधानीतल्या मोठ्या पाठशाळेत पाठवायचं. दिवाळी आटोपली, की राजधानीला जाणाऱ्या बैलगाड्या गावावरून जायच्या. वर्षातून एकदाच.

पाच वर्षांत तीस मुलं नव्यानं शाळेत बसू लागली. आता तुम्ही म्हणाल, यात चुकलं कुठे? कुठेच नाही. चुकलं ते पुढे.

मंडळाचा सगळा भार होता कारभारीणबाईंवर. गावच्या कारभाऱ्याची बायको म्हणून त्यांना सगळे तसंच म्हणत. बाई मनानं उदार, कामाला वाघ. सूत कातायला सगळ्यांत आधी येणार, सगळ्यांत शेवटी उठणार. एवढंच, की आपण दिलेलं कुणाच्या नजरेस पडलं नाही, तर बाईंना अन्न गोड लागत नसे. असतो एकेकाचा स्वभाव.

एकदा आठवड्याच्या बाजारात शेजारगावची एक बाई म्हणाली, "तुमच्या गावची पोरं किती नीटनेटकी हो! आईबाप हौशी दिसतात."

झालं. कारभारीणबाईंच्या मनाला ते फार लागलं. सूत आपण कातलं, कापड आपण विणलं, आणि नाव आईबापांचं!

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओवरीत सांगितलं, "यंदापासून मंडळाच्या कापडाला चार बोटं रुंद लाल काठ वेगळा विणून जोडायचा. कुठूनही ओळखू आलं पाहिजे."

मंडळातली एक म्हातारी कोष्टीण माग लावत बसली होती. ती म्हणाली, "बाई, काठ कापडाला शोभेल. पोरांना शोभेल का, ते एकदा त्यांना विचारा तरी."

"पोरांना काय विचारायचं? त्यांना कापडाशी मतलब," कारभारीणबाई म्हणाल्या. बाकीच्या बायका हसल्या. म्हातारीनं मान खाली घातली आणि लाल सूत मागावर चढवलं.

लाल काठ खरंच दुरून ओळखू येऊ लागला. मुलं शाळेत निघाली, की कारभारीणबाई दारात उभ्या राहून काठ मोजायच्या आणि खूश होऊन आत जायच्या. शाळेत काय चाललंय, हे बघायला त्या कधी गेल्या नाहीत.

शाळेत त्या मुलांना नवं नाव पडलं होतं, लालकाठी. "लालकाठ्यांनी मागं बसा." "लालकाठी, जा, पाणी भरून आण." कुणाची लेखणी हरवली, की आधी लालकाठ्यांच्या पिशव्या उपसल्या जायच्या. गुरुजी अक्षरांकडे बघत, काठांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मुलांनीही घरी सांगितलं नाही. सांगून काय होणार? दुसरं कापड होतं कुठे?

या मुलांतच होती कुंभाराची येसू. बारा वर्षांची, अंगानं काटकुळी, डोक्यानं तल्लख. गुरुजींनी एकदा सांगितलं, की येसूला ते कायमचं पाठ. त्या वर्षी राजधानीला येसूच जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुंभारानं तिच्या शिदोरीसाठी झाकणाचं खास मडकंही घडवून ठेवलं होतं.

दसरा आला. पारावर पाट्या मांडल्या, पाट्यांवर सरस्वती काढली, झेंडूची फुलं वाहिली. सगळं गाव जमलं. कारभारीणबाई एकेका मुलाच्या हातात नवं गाठोडं देऊ लागल्या. येसूचं नाव पुकारलं, येसू पुढे आली, आणि बाईंचा हात थांबला. येसूच्या परकराला लाल काठच नव्हता.

"काठ कुठाय गं?" बाईंनी विचारलं.

येसूनं परकर मुठीत आवळला. बाईंनी वाकून बघितलं. काठ आत दुमडून बारीक धावदोऱ्यानं शिवून टाकलेला होता.

बाईंचा पारा चढला. "असं होय! आमचं कापड अंगाला चालतं, आमच्या काठाची लाज वाटते? उसव तो. आत्ता, इथं, सगळ्यांसमोर."

येसूनं वडिलांकडे बघितलं. कुंभार गर्दीत मान घालून उभा होता. ती खाली बसली आणि एकेक टाका उसवू लागली. सगळं गाव बघत होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी "लालकाठी" म्हणून फिदकन हसलं. शेवटचा टाका निघाला, काठ बाहेर आला, आणि येसू उठून उभी राहिली. डोळे भरले होते, पण आवाज कापला नाही.

"बाई, कापड तुमचं आहे, ते परत देईन. शिकलेलं कसं परत द्यायचं, ते तेवढं मला कळत नाही."

गाठोडं न घेता ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारीणबाईंच्या ओट्यावर कपड्यांचे दोन्ही जोड ठेवलेले मिळाले. धुतलेले, घडी घातलेले. येसू शाळेतून गेली ती गेलीच.

"बघितलंत? उपकाराची जाण म्हणून नाही," कारभारीणबाईंनी ओवरीत सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्या कोष्टिणीनं तेवढी डोलावली नाही.

पंधराएक दिवसांनी, दिवाळीच्या तोंडावर, बाई परसदारी वाळवण आवरायला गेल्या. गोठ्याच्या आडोशाला त्यांची नात मनू मैत्रिणींना घेऊन खेळत होती. बाई कौतुकानं ऐकत उभ्या राहिल्या.

मनूनं एका मुलीच्या कमरेला लाल चिंधी बांधली होती. "तू लालकाठी. मी देणार, तू घेणार. मान खाली घाल. अजून खाली. हां. आता घे."

ती मुलगी हसली.

"हसायचं नाही!" मनू ओरडली. एक हात कमरेवर, एक बोट पुढे, थेट कारभारीणबाईच. "लालकाठीनं हसायचं नसतं. आता जा, आमच्यासाठी पाणी आण."

"मी रोज रोज लालकाठी नाही होणार," मुलगी रडवेली झाली.

"मग चुरमुरे नाही मिळणार. आमचेच चुरमुरे खातेस आणि आम्हालाच नाही म्हणतेस?"

पुढे होऊन नातीच्या पाठीत धपाटा घालावा, असं कारभारीणबाईंना क्षणभर वाटलं. पण कुठल्या तोंडानं घालणार? आवाज आपला, बोट आपलं, शब्दसुद्धा आपलेच.

"मनू," त्यांनी कसंबसं विचारलं, "हा खेळ कुणी शिकवला गं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात?" मनू म्हणाली. "शाळेत सगळ्यांना येतो हा खेळ."

बाई घरात गेल्या. येसूचे परत आलेले कपडे त्यांनी काढले. एका जोडाचा काठ त्यांनी स्वतःच उसवायला लावला होता, दुसऱ्याचा अजून आत शिवलेलाच होता. त्यांनी ते टाके जवळून बघितले. किती बारीक, किती जपून घातलेले! पोरीनं काठ कापून टाकला नव्हता, फाडला नव्हता. कापडाला तिनं जराही धक्का लावला नव्हता. फक्त त्यावरची खूण तिला लपवायची होती. जिला आपण भर गावात कृतघ्न ठरवलं, तिनं आपलं दान आपल्यापेक्षा जपलं होतं. बाईंना आपलीच शरम वाटली. अशी वाटली, की आरशासमोरून जायचंसुद्धा त्यांनी टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्या कुंभाराच्या घरी गेल्या. येसू कोपरापर्यंत चिखलात हात घालून माती मळत होती. कुंभाराची धांदल उडाली. "या बाई, बसा. पाट मांड गं येसू."

बाई बसल्या नाहीत. "येसू, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "बिनकाठाचं कापड आणलंय. तुझी जागा तुझीच आहे. गाड्या यायला दहा दिवस आहेत."

"अहो बाई, तुम्ही कशाला असं म्हणता? तुम्ही मोठी माणसं," कुंभार हात जोडून म्हणाला.

येसूनं हात जोडले नाहीत. तिनं सरळ विचारलं, "बाई, हे तुम्ही पारावर सांगाल? सगळ्यांसमोर? माझ्यासाठी नाही. माझ्यामागं अजून तीस जणं तोच काठ घालून बसतात. तुम्ही सांगितलंत, तर मी जाईन."

"बघते," एवढंच म्हणून बाई वळल्या.

आणि मग काय झालं सांगू? बाईंनी बघितलंच नाही. आज दिवाळीची गडबड, उद्या पाहुणे, परवा सांगू. रोज पाराच्या दिशेनं निघायच्या, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायच्या. आजवर आपल्याला बघून लोक उठून उभे राहत आले. त्यांच्यासमोर कुंभाराच्या पोरीची माफी मागायची? जीभ रेटेना. येसूला भर गावात उसवायला लावताना जी जीभ सुरीसारखी चालली होती, तीच आता टाळ्याला चिकटली.

अकराव्या दिवशी सकाळी घुंगरांचा आवाज आला. बाई धावत वेशीपाशी गेल्या, तर राजधानीच्या गाड्या चढ चढून पलीकडे उतरलेल्या. धूळ तेवढी उरली होती. वेशीच्या दगडावर कुंभार बसला होता, झाकणाचं ते मडकं मांडीवर घेऊन. तो बाईंना काहीच बोलला नाही. बोलला असता, तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी त्यांनी गाव पारावर जमवलं. आवाज फुटत होता, तरी त्या बोलल्या. "काठ मी घातला, माझ्या मिरवण्यासाठी. त्यापायी आपल्या मुलांनी माना खाली घातल्या, आणि आपल्याच मुलांनी त्यांना घालायला लावल्या. येसूनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. मला लाज वाटली, म्हणून मी दहा दिवस घालवले. माझ्या दहा दिवसांत पोरीचं वर्ष गेलं." एवढं बोलून त्या पारावरच खाली बसल्या आणि एका मुलाच्या उपरण्याचा काठ स्वतःच्या हातानं उसवू लागल्या. हळूहळू बाकीच्या बायका येऊन शेजारी बसल्या. म्हातारी कोष्टीण सगळ्यांत आधी.

तीस मुलांचे काठ निघाले. कारभारीणबाईंनी ते फेकू दिले नाहीत. त्यांनी ते एकाला एक जोडून आपल्या साध्या पांढऱ्या लुगड्याला लावले आणि वर्षभर तेच लुगडं नेसल्या. बाजारात अनोळखी लोक कुजबुजायचे, "हिला कुठल्या मंडळानं दिलं असेल हो?" पहिल्यांदा ते कानावर आलं, तेव्हा बाईंचे पाय जागच्या जागी खिळले. मग त्यांना आठवलं, की मुलं हे रोज ऐकत होती, आणि तरी शाळेत जात होती.

येसू पारावर परत आली. मंडळ पुढेही कापड विणत राहिलं, पण आता शाळेतल्या प्रत्येक मुलासाठी, मनूसाठीसुद्धा, एकसारखं आणि बिनकाठाचं. मडक्यातली मूठ कुणाच्या घरची आणि ती जाते कुणाच्या घरी, हे विचारायची रीतच मोडली.

पुढच्या दिवाळीनंतर गाड्या आल्या. येसू गाडीत चढली, शिदोरीचं मडकं मांडीवर घेतलं. कारभारीणबाई तेच लुगडं नेसून गर्दीच्या मागे, मान खाली घालून उभ्या होत्या. पोरगी जातेय याचा आनंद होता, पण ती एक वर्ष उशिरा जातेय, हे त्यांना विसरता येत नव्हतं.

गाडीवानानं कासरा ओढला, तशी येसू म्हणाली, "थांबा जरा." आणि गर्दीवरून तिनं हाक दिली, "बाई, मान वर करा. मला तुमचा चेहरा बघून जायचंय."

बाईंनी मान वर केली. खूप प्रयत्न करून केली. गाडी चढापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी ती खाली घातली नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: द्यायचं ते असं द्यावं, की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये.