धरणाला पाठ करून बसायची बाग

हिंगणतळच्या बागेत आलात तर आधी सतरंजी नीट टाका. इथं धरणाकडे तोंड करून बसायचं नाही, पाठ करून बसायचं. तशी पाटी कुणी लावलेली नाही. गावचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. का, ते ऐका, आणि ऐकताना तो वेफरचा पुडा जरा खाली ठेवा.

ही दगडी भिंत बांधली तेव्हा इथं बाग नव्हती, वडारांची पालं होती. त्या झाडाखाली गोल दगडी चर दिसतो ना, ती चुन्याची घाणी. तिम्मव्वा नावाची बाई तिथं रेडा फिरवून चुना मळायची. रेड्याचं नाव डोंगऱ्या. म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा, आणि चाल अशी की मागून गोगलगायीनं वाट मागावी. नवरा गेल्यावर तिला तेवढाच सोबती उरला होता, असं सांगतात.

भिंत दोनदा उभी राहिली आणि दोन्ही वेळा पहिल्याच पुरात मधोमध फुटली. घाई सगळ्यांनाच. चुना लोण्यासारखा व्हायच्या आधीच गवंडी घमेली भरून पळायचे. पण स्वतःची घाई कुणाला दिसते? मुख्य गवंडी बसाप्पा म्हणाला, नदीला रेडा हवाय. डोंगऱ्याच्या कपाळाला शेंदूरही फासला.

"अगं, तसाही तो आज ना उद्या मरायचाच," बसाप्पा म्हणाला.

"तूही मरायचाच आहेस, बसण्णा. तुला फासू का शेंदूर?"

लोक हसले, पण शेंदूर कुणी पुसला नाही. मग तिम्मव्वानं नदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि बोलून बसली. भिंत आणखी एकदा बांधा, पण मी म्हणेन तेव्हाच चुना उचलायचा. पूर आला की याला घेऊन मी भिंतीच्या पायथ्याशी बसेन. फुटली तर नदीला एकाच्या जागी दोन जीव मिळतील. टिकली तर याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही.

त्या खेपेला चुना असा मळला म्हणे, की बोटाला कण लागेना. बसाप्पा घमेलं घेऊन घिरट्या घालायचा, बाई त्याला रेड्याच्याच काठीनं हाकलायची.

पूर आला तो झाडंच्या झाडं घेऊन. गाव टेकडीवर चढलं. तिम्मव्वा खाली, या इथं, डोंगऱ्याच्या पोटाला टेकून बसली. भिंतीकडे पाठ. भीती नव्हती असं नाही. एक हात रेड्याच्या कानावरून सुटत नव्हता.

वरून बसाप्पा ओरडला, "निदान तोंड भिंतीकडं कर, फुटली तर पळता येईल."

"पाळत ठेवायला ती काय चोर आहे?" ती म्हणाली, आणि चंची सोडून एका हातानंच पान लावत बसली.

भिंतीवरून उडणाऱ्या पाण्यानं दोघं चिंब झाली. भिंत हलली नाही. पूर ओसरला तसा बसाप्पा खाली आला आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं त्यानं डोंगऱ्याचा शेंदूर पुसला. तेवढ्यात रेड्यानं त्याचं मुंडासं चघळायला घेतलं होतं, म्हणे. ही जागा मग डोंगऱ्याच्या चरण्याला सोडली. तिला कधी नांगर लागला नाही, म्हणून तर पुढं बाग झाली.

आजही भिंतीकडे बघत बसलेल्याला गावकरी उठवून फिरवून बसवतात. हल्ली शहरातली माणसं मात्र आल्या आल्या आपणहून धरणाकडे पाठ करतात, हातात मोबाइल धरून. फोटोसाठी का होईना, करतात ना. भिंतीला तेवढं पुरतं. ती अजून हललेली नाही.