बांधावरचं गवत

"आता कुठं काही राहिलंय का, बाबा?"

निवृत्तीने उत्तर ठाऊक असल्यासारखं विचारलं. कोयता खांद्यावर, धोतरभर कुसळं आणि चेहऱ्यावर समाधान.

नानाबुवा म्हणजे मठीतले म्हातारे साधू, आणि निवृत्ती त्यांचा शिष्य. ते काठी टेकत कापलेल्या पट्ट्यावरून चालत राहिले...

समोरच्या डोंगरावर सकाळपासून धूर दिसत होता. वारा फिरला तर उद्यापर्यंत वणवा या अंगाला उतरणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. मठी म्हणजे गवताने शाकारलेली दोन छपरं, एक ठिणगी पुरे. म्हणून निवृत्तीने भोवतीचं रान तासून जाळपट्टा काढला होता. उघड्या मातीपाशी वणव्याला खायला काही मिळत नाही, तिथेच तो बसतो.

सगळं काम त्याने एकट्याने केलं होतं, कुणाला हाक न मारता. निवृत्तीचं काम नेहमीच चोख असायचं, आणि ते चोख आहे हे तोच चारचौघांत सांगायचा. त्यामुळे इतरांना कौतुकाची संधीच मिळत नसे.

पण खरं सांगायचं तर त्याला चारचौघांचं कौतुक नकोच होतं. बाबांनी एकदा नुसतं "छान" म्हटलं असतं, तरी त्याला आभाळ ठेंगणं झालं असतं.

नानाबुवा पूर्वेच्या टोकाला पोहोचले आणि थांबले.

तिथे बांध होता. अलीकडे मठीची जमीन, पलीकडे गेनबा शेलाराची. गेनबानेही आपल्या गोठ्याभोवती आणि गवताच्या गंजीभोवती पट्टा काढला होता, तोही चांगला रुंद. मधल्या बांधावर मात्र घाणेरीची झुडपं आणि वाळलेलं गवत छातीएवढं माजलं होतं. डोंगरापासून सुरू होऊन ते सरळ खाली येत होतं, एका हाताला मठीचं छप्पर, दुसऱ्या हाताला गेनबाची गंजी.

"हे?" नानाबुवांनी काठीने दाखवलं.

"ते त्यांचं," निवृत्ती म्हणाला.

"गेनबा काय म्हणतो?"

"तो कशाला काय म्हणंल? आमचं बोलणं हाय कुठं?"

बोलणं नव्हतं, हे खरंच. मोजणीच्या वेळी हद्दीवरून दोघांची जुंपली, तेव्हापासून बांधाला कुणी कोयता लावला नव्हता. जो लावील त्याने बांध कोरून जमीन लाटली, अशी बोंब दुसरा ठोकणार, याची दोघांनाही खात्री होती. दोघंही हट्टाला पेटलेले, आणि घाणेरी मजेत वाढत होती.

"आपल्याकडनं आपण साफ केलंय, बाबा. पुढचं त्याचं तो बघंल."

नानाबुवांनी मान हलवली. मग काठी बाजूला ठेवली, धोतर सावरलं आणि सरळ त्या गवतात शिरून बांधावर बसले.

"अहो बाबा!" निवृत्तीचा जीवच उडाला. "जनावर असंल तिथं. उठा!"

"असू दे. सावली बरी हाय."

"काटं टोचतील..."

"टोचले की सांगतो."

निवृत्तीचा आवाज ऐकून गेनबा गोठ्यातून धावत आला. गवतातून वर आलेलं ते पांढरं डोकं पाहून त्याच्या हातातली बादलीच सुटली. भांडण मठीशी होतं, बाबांशी नव्हतं. गाय व्याली की पहिला खरवस तो अजून बाबांनाच आणून देई, फक्त निवृत्ती ओढ्यावर गेल्याची वेळ साधून.

"बाबा, हितं का बसलाय?"

"गेनबा, हे गवत कुणाचं रे?"

"मठीचं," गेनबा म्हणाला.

"शेलाराचं," निवृत्ती म्हणाला.

"बरं... मग मी कुणाचा?"

"आमचे!" दोघं एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे रागाने बघू लागले.

नानाबुवा हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. धुराचा वास आता इथवर येत होता.

"चला, मी इथं बरा हाय. तुम्ही आपापल्या घरी जा. तुमच्याकडचं साफ झालंय की."

कुणी हललं नाही.

निवृत्तीने डोंगराकडे पाहिलं. धूर मघापेक्षा खाली उतरला होता. छपराचा विचार त्याच्या मनात राहिलाच नाही. हा म्हातारा उठणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने कोयता उचलला आणि वरच्या टोकापासून बांध तासायला घेतला. बांध कोरल्याची बोंब आली नाही. थोड्या वेळाने खालच्या टोकाकडून दुसऱ्या कोयत्याचा आवाज येऊ लागला.

"बाबा, त्यास्नी सांगा, घाणेरी मुळासकट काढा म्हणावं," निवृत्ती ओरडला.

"बाबा, त्यास्नी सांगा, मला शिकवू नका म्हणावं."

"तुमचे निरोप तुम्हीच पोचवा," नानाबुवा म्हणाले. "मला ऐकू कमी येतं."

त्यांना पाखराच्या पंखांचा आवाज ऐकू यायचा. दोघांचे कोयते पुन्हा चालू लागले...

"तिकडं दगड हाय, कोयता सांभाळा," बऱ्याच वेळाने निवृत्ती म्हणाला. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

"दिसला," गेनबा म्हणाला.

उन्हं कलली, तेव्हा एकाचा कोयता बाबांच्या डाव्या गुडघ्यापाशी आला होता, दुसऱ्याचा उजव्या. सगळा बांध उघडा पडला होता. राहिलं होतं ते फक्त बाबांच्या अंगाखालचं गवत.

"आता उठा, बाबा," निवृत्ती म्हणाला. "तेवढ्यातनंबी आग पलीकडं जाईल."

"उठलो असतो रे... पण गुडघं आखडल्यात."

नानाबुवांनी दोन्ही हात वर केले. एक निवृत्तीने धरला, एक गेनबाने. दोघांनी जोर लावून ओढलं. म्हातारा एकदा इकडे कलला, एकदा तिकडे, आणि पुन्हा तिथेच बसला.

"आपापल्याकडं नका रे ओढू, लेकरांनो... वर उचला."