चिकट तार आणि धावते रक्त

शरीरातल्या पेशी एकमेकींशी मोठ्याने बोलत, त्या काळची ही गोष्ट. निदान मला तरी तशीच आठवते. एका सुताराच्या दंडातल्या शिरेत डॉक्टरांनी एक चिकट तार बसवली. रक्तात भटकणारी रोगट पेशी तिने पकडली, तरच त्याचा आजार वेळेत कळणार होता.

रोगट पेशी आली आणि तारेला घासून सुर्रकन निघून गेली.

"काय ताई, निसटली वाटतं?" तांबड्या पेशी खिदळल्या.

तार रक्तावर खेकसली, "अहो दादा, थांबा की जरा!"

रक्तदादा रुसून जागीच थांबले. सुताराची बोटे बधिर झाली. रोगट पेशी लांबूनच म्हणाली, "आता मी येऊ कशी? मला काय पाय आहेत?"

"चुकलंच माझं," तार ओशाळून म्हणाली. "दादा, चला. पण हळूहळू."

रक्त रमतगमत निघाले. रोगट पेशी शरीरभर फेरी मारून पुन्हा त्याच शिरेच्या कडेने लोळत आली, तारेला टेकली आणि चिकटली.

"सोड गं मला!"

"मी कुठे धरलंय? तूच टेकलीस."

डॉक्टरांनी तार बाहेर काढून तपासली. "वेळेत सापडलं, काका," ते सुताराला म्हणाले.

आत रक्तदादांनी तांबड्या पेशींना हळूच विचारले, "आता पळू का?"