पाठराख्याची नजर

नदी आजच्याहून रुंद होती आणि माणसे आजच्याहून हट्टी होती, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे ऐलगाव, पलीकडे पैलगाव आणि मधोमध एक बेट. त्या बेटावर कंबरभर गवत वाढे. गवत एक आणि गावे दोन, म्हणजे भांडण आलेच. पण पूर्वजांनी शहाणपणाने काठ्या खाली ठेवल्या आणि एक खेळ लावून दिला. जे गाव खेळ जिंकेल त्याची गुरे वर्षभर बेटावर चरतील.

खेळ तसा सोपा. चामड्याचा, काथ्या भरलेला लांबट चेंडू असे. एका गावाचा फेक्या तो दूरवर फेकी आणि त्याचे गडी पळत जाऊन झेलत. चेंडू घेऊन समोरचा हद्दीचा दगड ओलांडला की डाव लागला. दुसऱ्या गावाचे गडी त्यांना अडवत, आणि मधेच चेंडू हाती लागला तर उलटे धावून फेकणाऱ्या गावाचा दगड ओलांडत. त्या सगळ्यांच्या मागे, समोरचा एकेक गडी वाटून घेऊन, उभे राहत ते पाठराखे. पुढच्याची चूक मागचा सावरून घेतो. पाठराख्याच्या मागे कुणीच नसते, म्हणून त्याची चूक सारे गाव बघते.

ऐलगावचा हैबती असाच एक पाठराखा. अंगाने किडकिडीत, पळण्यात बेताचा. एरवी शेतातल्या माळ्यावर बसून, गोफण फिरवत लोकांची ज्वारी राखायची, हा त्याचा धंदा. "चेंडू म्हणजे काय पाखरू आहे, हैबती?" असे लोक चिडवत, आणि तोही हसे. पण मला विचाराल तर त्या गावात खरे डोळे त्या एकट्यालाच होते. पोपटांचा थवा शेतावर घिरट्या घालू लागला की तो कुठल्या कोपऱ्यात उतरणार, हे हैबतीला आधीच कळे. पोपट पोचायच्या आत त्याचा दगड तिथे पडलेला असे.

त्या वर्षी पावसाने दडी मारली. डोंगर उघडे पडले, हिरवे काय ते बेटावरच उरले. हैबतीच्या दावणीला गाभण म्हैस होती आणि घराची सारी भिस्त तिच्यावर. खेळ हरला तर गुरे दूरच्या रानात हाकावी लागणार, आणि ती वाट काही तिला झेपणार नव्हती. खेळाच्या दिवशी सकाळी तो तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिला.

ऐलगावचे म्होरके होते सुभानतात्या. पाठराख्यांना त्यांचा एकच नियम होता. "आपल्या वाट्याचा गडी सोडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही." नियम चांगला होता. त्याच्याच जोरावर गावाने आजवर कितीतरी खेळ जिंकले होते.

त्या दिवशीही ऐलगाव एका डावाने पुढे होते. पण पैलगावचा फेक्या मानाजी मोठा वस्ताद. त्याने डावीकडे टक लावून पाहिले. चेंडू तिकडेच जाणार असे हैबतीला वाटले आणि तो आपला गडी सोडून धावला. मानाजीने चेंडू नेमका त्या मोकळ्या गड्याकडे फेकला. डाव लागला, बरोबरी झाली, आणि शेवटची फेक पैलगावच्याच हाती आली. बरोबरीत खेळ संपला तर बेट गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे राहायचे, आणि गेल्या वर्षी पैलगावच जिंकले होते.

तात्या तरातरा हैबतीजवळ आले. "तुझ्या अंदाजापायी गावाची गुरं उपाशी मरायची. आता गडी सोडलास तर गावात पाऊल टाकू नकोस."

"बरं, तात्या," हैबती म्हणाला. दुसरे काय म्हणणार? लाजेने त्याची मान वर होत नव्हती.

तो जागेवर जाऊन उभा राहिला आणि विचार करू लागला. आपण फसलो कशाने? पोपट मान भलतीकडे वळवतो, हे त्याला चांगले ठाऊक होते. पोपटाच्या मानेवर त्याने कधी भरवसा ठेवला नव्हता. तो बघे पंख, कारण पंख झुकतो तिकडेच पाखरू उतरते. मग माणसाचे डोळे तेवढे आपण खरे कसे मानले?

मानाजीने चेंडू उचलला आणि थेट हैबतीच्या गड्याकडे पाहिले. हैबतीने या खेपेला त्याच्या डोळ्यांकडे बघितलेच नाही. मानाजीचा पुढचा पाय हळूच फिरला. अंगठा पलीकडच्या कडेला वळला. तिथून पैलगावचा सर्वांत चपळ गडी सुटला होता.

हैबतीने आपला गडी सोडला.

चेंडू अजून मानाजीच्या हातातच होता. ऐलगावच्या म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. तात्यांनी तोंड फिरवले. मग चेंडू सुटला आणि पलीकडच्या कडेकडे निघाला. तो चपळ गडी वाऱ्यासारखा पळत होता, पण हैबती चेंडू सुटायच्या आधीच निघालेला. त्याने पुढे झेप घेऊन चेंडू हवेतच घेतला आणि उलटा धावत सुटला. सगळे दुसरीकडे तोंड करून उभे होते. ते वळेपर्यंत त्याने पैलगावचा दगड ओलांडला होता. काय ते धाडस आणि काय ती नजर! पैलगावच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

तात्या त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "नियम मोडलास."

"मोडला, तात्या."

"चुकला असतास तर?"

"तर इथूनच वाट धरली असती. घरी कोणत्या तोंडाने गेलो असतो?"

तात्यांनी त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "बेटावर पहिली तुझी म्हैस उतरव."

म्हैस बेटावर उतरली आणि महिना सरायच्या आत तिथेच, गवतात, सुखरूप व्याली.

रेडकू बघण्याच्या निमित्ताने मानाजी होडीतून आला. रेडकाकडे त्याने धड पाहिलेही नाही. "हैबतीदादा, तुम्ही माझं काय पाहिलंत?"

"तुझा पाय," हैबतीने सरळ सांगून टाकले.

शेजारी उभ्या तात्यांनी कपाळ बडवून घेतले. "अरे, पुढच्या वर्षी हा पाय आवरील ना."

"आवरू द्या की," हैबती हसून म्हणाला. "पाय आवरला तर खांदा बोलेल. माणूस कुठून तरी बोलतोच, तात्या. आपण बघत राहायचं."

तात्पर्य : मन लावून पाहणाऱ्याला आधी कळते, आणि कळताच जो निघतो तोच वेळेवर पोचतो.